पाय शाबूत आहे ना?

गेल्या महिन्यात भाच्याबरोबर एका मत्स्यालयाच्या दुकानात जायचा योग आला. ‘निमो’चा सिनेमा पाहिल्यापासून त्याच्या डोक्यात ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे घुसलेत, आणि त्या माशांना राहायला सी-ॲनिमोन हवा म्हणे. दुकानदारानं एका काचेच्या टाकीकडे बोट दाखवलं. आत भडक पिवळ्या रंगाचं, लांब लांब बोटांचं फूल पाण्यात डोलत होतं. किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘मावशी, हे चांगलं आहे की आजारी, कसं ओळखायचं?’’

आता वांगं, भेंडी, पापलेट, अगदी साडीचा पोतसुद्धा मी हातात घेऊन सांगेन. पण हे? फूल म्हणावं तर फूल नाही, मासा म्हणावा तर मासा नाही. माझं माहेर कोकणातलं. ओहोटीला बायका कालवं काढायला कातळावर जायच्या, तेव्हा आम्ही पोरंही मागे मागे. कातळाच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यात ही समुद्रफुलं चिकटलेली असायची. बोट लावलं की झटकन मिटायची आणि लिबलिबीत गोळी होऊन बसायची. आजी ओरडायची, हात लावू नको, खाज सुटेल. त्यापलीकडे त्यांच्याशी माझा परिचय नव्हता. म्हणून भाच्याला सांगितलं, आज घेऊ नकोस, मी वाचते आधी. आणि वाचता वाचता भेटले फिलिप हेन्री गॉस. समुद्रफूल घरात आणून जिवंत ठेवायचं वेड ज्यांनी साऱ्या इंग्लंडला लावलं, ते हे गृहस्थ. समुद्रफुलाचं राहिलं बाजूला, मी त्यांच्या घरातच अडकून पडले.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१०चा, इंग्लंडमधल्या वूस्टर गावचा. वडील छोट्या तसबिरी रंगवत गावोगाव फिरायचे आणि घरी आले की कुणी छापत नाही अशी महाकाव्यं लिहीत बसायचे. आई हॅना लग्नाआधी मोठ्या घरांत नोकरीला होती. संसार तिनंच ओढला. पूल या बंदराच्या गावी घरातल्या खोल्या भाड्यानं देऊन तिनं मुलं वाढवली. पण या मुलाच्या आयुष्याची दिशा ठरवली ती त्याच्या आत्यानं, सुझन बेलनं. तिला किड्यामुंग्यांची, शंखशिंपल्यांची भारी हौस. सुरवंटाचं फुलपाखरू कसं होतं हे तिनं त्याला दाखवलं, आणि किनाऱ्यावरची लालबुंद समुद्रफुलं समुद्राच्याच पाण्यात घालून भांड्यात जिवंत ठेवता येतील, असंही तिनंच सुचवलं. पुढे या विद्येत भल्या भल्या पुरुषांची नावं झाली. पण पहिलं भांडं आत्याचं, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शाळा फार नाही. सतराव्या वर्षी, १८२७ साली, समुद्र ओलांडून न्यूफाउंडलंडला कारकुनीसाठी रवानगी झाली. आठ वर्षं हिशेबाच्या वह्या आणि फावल्या वेळात कीटक. मग कॅनडात शेती करून पाहिली, ती बुडाली. अमेरिकेत अलाबामाला मास्तरकी केली. तिथली गुलामांची दशा पाहून मन विटलं, आणि १८३९ मध्ये रिकाम्या खिशानं इंग्लंडला परत. येताना जहाजावर एक पुस्तक लिहून काढलेलं होतं. प्रकाशकानं ते घेतो म्हटल्यावर त्याच्या कचेरीतच या माणसाला रडू कोसळलं. तिशीचा पुरुष, अंगावर जुने कपडे, आणि पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालंय! १८४४ ते १८४६ जमैकात जाऊन त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला आणि नाव कमावलं.

१८४८ साली त्यांचं एमिली बोझशी लग्न झालं. एमिली बेचाळीस वर्षांची, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. आयुष्यभर गव्हर्नेस म्हणून दुसऱ्यांची मुलं शिकवलेली, ग्रीक आणि हिब्रू वाचणारी, कविता आणि धार्मिक पुस्तिका लिहिणारी. दोघंही अतिशय कडक पंथाची ख्रिस्ती. घरात गोष्टीची पुस्तकं नाहीत, नाटक नाही, कादंबरी नाही. पुढच्याच वर्षी, २१ सप्टेंबर १८४९ला, एडमंड हा एकुलता एक मुलगा झाला. त्या दिवशी गॉस यांनी रोजनिशीत मुलगा झाल्याची नोंद केली आणि तिलाच लागून जमैकाहून एक हिरवी पाकोळी आल्याची. मुलगा आणि पाकोळी एकाच दमात! वाचून मला आधी राग आला, मग हसू आलं. अशी माणसं आपल्याही घरांत असतात. मनात नसतं असं नाही, पण लिहिताना दोन्ही एकाच ओळीत येतं.

लिहून लिहून तब्येत ढासळली, तेव्हा १८५२ साली डॉक्टरांनी समुद्रकिनारी जायला सांगितलं. मंडळी डेव्हनला गेली आणि विश्रांती राहिली बाजूला. गॉस रोज ओहोटीला छिन्नी-हातोडी घेऊन कंबरभर पाण्यात. का छिन्नी? तर समुद्रफुलाचा सगळा जीव त्याच्या पायात. खालचा चपटा तळवा दगडाला असा चिकटलेला असतो, की ओढून काढला तर फाटतो. फाटलेला पाय बहुधा भरून येत नाही. वरून फूल दोन दिवस टवटवीत दिसतं आणि मग कुजायला लागतं. म्हणून गॉस फूल ओढायचेच नाहीत, त्याच्या भोवतीचा दगडच फोडून आणायचे. आपण तुळस उपटून नेत नाही, मुळाच्या मातीसकट उचलतो, तसं.

घरी आणल्यावर ती जगवायची कशी, हा खरा प्रश्न होता. समुद्राचं पाणी शिळं झालं की सगळं मरायचं. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात राहणाऱ्या ॲना थिन बाईंनी १८४६ साली किनाऱ्यावरून पोवळ्याचे जीव घरी आणले होते आणि पाणी ताजं राहावं म्हणून उघड्या खिडकीशी ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतायला सुरुवात केली होती. रोज अर्धा-पाऊण तास. ओतत कोण होतं? घरातली मोलकरीण! त्या मुलीचं नाव इतिहासात नाही. मग बाईंनी त्यात समुद्रातल्या हिरव्या वनस्पती सोडल्या आणि पाणी आपोआप ताजं राहू लागलं. वनस्पती प्राणवायू सोडतात, जीव तो घेतात, दोघांचा तोल जमला की झालं. गॉसही याच वाटेनं चालले होते. पुढे थिन बाईंच्या नोंदी छापून आल्या, त्याही गॉस यांच्याच हातून.

१८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचं घर लोकांसाठी उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. त्यातले कितीतरी जीव गॉस यांनी गोळा करून दिलेले. १८५४ मध्ये त्यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि तो शब्द घराघरांत गेला. समुद्र लांब असणाऱ्यांसाठी त्यांनी साधं मीठ आणि आणखी तीन क्षार मिसळून घरच्या घरी समुद्राचं पाणी करायची कृतीही छापली. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त. आगगाडीनं किनारा जवळ आलेला. दिवाणखान्यात पियानोशेजारी समुद्रफुलांची टाकी ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. लंडनला पोर्टलँड रोडवर विल्यम आल्फर्ड लॉइड नावाच्या माणसानं तर त्याचं दुकानच थाटलं. किनाऱ्यावरून ओल्या शेवाळात गुंडाळून आलेली फुलं शहरातल्या गिऱ्हाइकांना निवडून घेता येऊ लागली.

आणि तिथंच माझ्या भाच्याचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. चांगलं कोणतं?

रंगावर जाऊ नये, ही पहिली गोष्ट. मिटलेलं आहे म्हणून आजारी समजू नये आणि फुललेलं आहे म्हणून ठणठणीत समजू नये. निरोगी समुद्रफूलही तासन् तास मिटून बसतं, पाणी बाहेर टाकून अर्धं होतं, कधी अंगावरची पातळ बुळबुळीत कात टाकतं. नवखा माणूस घाबरून त्याला टाकून देतो. पाहायचं ते पायाकडे. दगडाला किंवा काचेला घट्ट धरून बसलंय का? तळव्याला चीर आहे का? मोकळं तरंगत असेल, कडेला कलंडून पडलं असेल, तर संशय घ्यावा. मग तोंड, म्हणजे मधलं छिद्र. ते आवळलेलं हवं. तोंड आ वासलेलं आणि आतलं आतडं बाहेर लोंबतंय अशी अवस्था बराच वेळ राहिली, तर ते फूल गेल्यात जमा. बोटांना काही लावलं तर ती चिकटली पाहिजेत, आखडली पाहिजेत. आणि शेवटी नाक! मासळी घेताना आपण जे करतो तेच. मेलेलं समुद्रफूल पाण्यात विरघळू लागतं आणि त्याची घाण सुटते. तसं एक जरी टाकीत राहिलं तरी बाकीची मारतं, म्हणून मेलेलं दिसलं की ताबडतोब काढायचं.

सगळ्यांत चिवट ते लाल मण्यासारखं साधं फूल, किनाऱ्यावर सर्रास दिसणारं. डेलियासारखं दिसणारं मोठं, देखणं फूल मात्र नाजूक, टाकीत टिकता टिकत नाही. या देखण्या फुलाचं गॉस यांनी आणखी एक केलं. ते शिजवून खाल्लं! आधी उकडून, मग अंडं आणि पावाचा चुरा लावून तळून. छोट्या एडमंडलाही ते आवडलं म्हणे. आपल्याकडे कुणी करून पाहू नये, हे आपलं मी सांगून ठेवते.

१८५५ साली इल्फ्राकोम गावी त्यांनी किनाऱ्यावरच वर्ग घेतले. पायघोळ झगे सावरत बायका त्यांच्यामागून निसरड्या खडकांवर चालायच्या आणि खळग्यांत वाकून पाहायच्या. घराबाहेर चिखलात हात घालायला बाईला तेव्हा दुसरं कोणतं निमित्त मिळालं असतं? ते पुढे १८५८ ते १८६० या काळात ब्रिटनच्या समुद्रफुलांवरचा मोठा सचित्र ग्रंथ लिहीत असताना ठिकठिकाणची हौशी मंडळी त्यांना जिवंत नमुने टपालानं पाठवायची, त्यांतही बायका होत्या.

पण त्याआधीचं १८५६ साल सांगायला हवं. त्या वर्षी गॉस रॉयल सोसायटीचे सभासद झाले. शिक्षणाची कुठलीही पदवी नसलेल्या माणसाचा केवढा मान! आणि त्याच वर्षी वसंतात एमिलीच्या हाताला छातीत गाठ लागली. ती डॉक्टरकडे जाऊन आली आणि कर्करोग आहे हे तिनं नवऱ्याला शांतपणे सांगितलं. मोठ्या शल्यवैद्यानं शस्त्रक्रिया सुचवली. क्लोरोफॉर्म तेव्हा आलं होतं, पण जखम निर्जंतुक ठेवायची पद्धत लिस्टरनं जगापुढे मांडायला अजून अकरा वर्षं होती. शस्त्रक्रियेतून उठलेली बाई जखम चिघळून जायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लंडनमध्ये एक अमेरिकन डॉक्टर आला होता. सुरी न लावता मलमानं गाठ काढतो, असं तो सांगायचा. गॉस पतिपत्नीनं तो रस्ता धरला.

ते मलम म्हणजे कातडी जाळणारा लेप होता. एमिली घरून बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची, लेप लावून घ्यायची, वेदना घेऊन परत यायची. हे महिनोन् महिने. वाटेत भेटलेल्या बायकांना आपल्या पुस्तिका वाटायची. प्रवास झेपेना तेव्हा त्या डॉक्टरजवळच खोली घेतली आणि सात वर्षांचा एडमंड आईच्या उशाशी राहिला. गाठ निघाली, पण आजार पसरला होता. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली गेली.

समुद्रफुलाचा पाय बोटभर फाटला तरी ज्यांच्या नजरेतून सुटत नव्हता, त्या माणसाला घरातलं हे नेमकं जोखता आलं नाही, असं माझ्या मनात आलंच. पण लगेच वाटलं, मी असं म्हणणं बरोबर नाही. त्या दोघांपुढे दोन वाईट रस्ते होते आणि त्यांनी कमी भीतीचा निवडला. मला जास्त टोचलं ते वेगळंच. आजही माझ्या ओळखीत दोघीजणी अशा आहेत, की ज्यांनी गाठ लागल्यावर आठ-आठ महिने घरात कुणाला सांगितलं नाही आणि मग कुणीतरी सांगितलेल्या लेपाच्या मागे लागल्या. एकीचं निभावलं. एमिलीनं निदान गाठ लागल्याबरोबर डॉक्टर गाठला होता, आणि तेही १८५६ साली.

बायको गेल्यावर गॉस यांनी तिच्या अखेरच्या दिवसांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. मुलाला घेऊन ते टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्च इथं समुद्राकाठी राहायला गेले. त्याच वर्षी ‘ओम्फॅलोस’ नावाचं त्यांचं पुस्तक आलं. ओम्फॅलोस म्हणजे बेंबी. आईच्या पोटी न जन्मलेल्या ॲडमला बेंबी असणारच, तशी देवानं पृथ्वीही जीवाश्मांसकट, जुनी दिसेल अशीच घडवली, असं त्यांचं म्हणणं. विज्ञानवाले हसले, धर्मवालेही नाराज. देव आपल्याला फसवतो की काय, असा अर्थ निघत होता ना! प्रती रद्दीत गेल्या. विधुर माणूस, लहान मूल, आणि ज्या पुस्तकावर सगळी आशा ठेवली त्याची रद्दी. त्या दिवसांत ते रोज पाण्यात उतरून समुद्रफुलं पाहत आणि चितारत राहिले. एडमंड बरोबर असायचा. तो मोठा ग्रंथ त्या दिवसांतला.

डिसेंबर १८६० मध्ये त्यांनी एलायझा ब्राइटवेन हिच्याशी लग्न केलं. बाई मायाळू. सावत्र आई म्हटल्यावर आपल्या मनात जे येतं, तसलं काही नाही. कडक बाप आणि मनातून बंडखोर होत चाललेला मुलगा यांच्यामध्ये ती उशीसारखी राहिली. मुलगा पुढे साहित्यिक झाला, बापाचा धर्म त्यानं सोडला. त्यानं १९०७ साली बापलेकाच्या नात्यावर ‘फादर अँड सन’ हे पुस्तक लिहिलं, आधी निनावी. आज बापापेक्षा ते पुस्तकच जास्त वाचलं जातं.

त्या पुस्तकातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एडमंडनं लहानपणी बापाच्या हाताला धरून जे खळगे पाहिले, ते भरून वाहणारे होते, माणसाचा हात न लागलेले. पण बापाच्या पुस्तकांनी वेडावलेले लोक टोपल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडले आणि काही वर्षांत ते खळगे ओरबाडले गेले. बापालाही हे कळलं होतं आणि त्याचं त्यांना फार दुःख झालं, असं मुलगा लिहितो. घरोघरच्या टाक्याही टिकल्या नाहीतच. बहुतेक ठिकाणी पाणी नासलं, वास सुटला आणि १८६०नंतरच्या काही वर्षांत फॅशन ओसरली.

एक फूल मात्र टिकलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली एक साधं लाल समुद्रफूल आणून काचेच्या भांड्यात ठेवलं होतं. मालक वारले, फूल पुढच्याच्या हाती गेलं, तो गेला तसं त्याच्या पुढच्याच्या. नाव पडलं ‘ग्रॅनी’, म्हणजे आज्जी. पाणी बदलायचं आणि शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा अधूनमधून द्यायचा, एवढीच तिची बडदास्त. शेकडो पिल्लं दिली तिनं. १८८७ साली ती मेली, तेव्हा वर्तमानपत्रात मृत्युलेख आला.

गॉस त्यानंतर वर्षभरानं गेले. म्हातारपणी त्यांना आधी ऑर्किडचं आणि मग ताऱ्यांचं वेड लागलं होतं. हिवाळ्यातल्या एका रात्री उघड्या खिडकीशी दुर्बीण लावून बसले, छातीत थंडी भरली आणि त्यातून सावरलेच नाहीत. २३ ऑगस्ट १८८८ला त्यांनी प्राण सोडला. एलायझा जवळ होती.

पुढच्या रविवारी मी आणि भाचा पुन्हा त्या दुकानात गेलो. ते पिवळं फूल तिथंच होतं, पण टाकीच्या कोपऱ्यात मोकळं लोळत होतं. मी दुकानदाराला विचारलं, हा पिवळा रंग याचा स्वतःचा, की चढवलेला? तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. या उष्ण समुद्रातल्या फुलांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न पुरवतं आणि तपकिरी-हिरवट रंग देतं. शेवाळ गेलं की फूल पांढरं पडतं, उपाशी राहतं, आणि कधी कधी अशीच पांढरी फुलं रंगवून विकली जातात. शिवाय नव्या टाकीत ती जगत नाहीत, पाणी मुरायला महिने जावे लागतात. भाच्याची टाकी तर अजून खोक्यातून बाहेरही निघालेली नव्हती.

त्याचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, मे महिन्यात माझ्याबरोबर आजोळी चल. ओहोटीची वेळ मी विचारून ठेवते.

‘‘आणायची का मग तिथून?’’

‘‘नाही रे. वाकून बघायची.’’